1952च का? तुम्ही विचारलंत म्हणून

जुन्या खेळांचा विषय निघाला की मी थांबत नाही, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास येतो, की खेळांच्या इतिहासातलं एकच वर्ष निवडायचं झालं तर कोणतं निवडाल? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 1983 ऐकायचं असतं, नाहीतर 2011. मी 1952 म्हणतो. मग लगेच "हां, खाशाबा जाधव!" असं येतं. बरोबर आहे, खाशाबा आहेतच, पण ते वर्ष फेब्रुवारीपासूनच पेटलेलं होतं आणि ते सलग बघितलं तरच खाशाबांच्या कुस्तीतल्या ऑलिंपिक पदकाचं खरं वजन कळतं असं माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारीत मुंबईत टेबल टेनिसची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, आशियात पहिल्यांदाच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला होता. तोपर्यंत सगळे दाणेदार रबराच्या बॅटने खेळायचे, टक टक आवाज यायचा आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटका किती जोरात बसलाय याचा अंदाज लागायचा, स्पंजवर तो आवाजच गायब, बॉल मात्र सुसाट. फायनलमध्ये त्याने हंगेरीच्या कोचियानला हरवलं आणि पुरुष सिंगल्सचं विजेतेपद पहिल्यांदा आशियात आलं. पुढे जपान आणि चीनने या खेळावर जे राज्य केलं त्याची सुरुवात मुंबईत झाली, आणि हे आपल्या मुंबईकरांनाही फारसं माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच दिवसांत तिकडे मद्रासला इंग्लंडविरुद्ध टेस्ट चालू होती. विनू मांकड, पहिल्या डावात 55 रन्स देऊन 8 विकेट, दुसऱ्यात आणखी 4. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगरची सेंच्युरी. कॅप्टन आपले सांगलीचे विजय हजारे. एक डाव आणि 8 रन्सनी जिंकलो, 1932 मध्ये पहिली टेस्ट खेळल्यापासून वीस वर्षांनी पहिला विजय. काही जण म्हणतात की इंग्लंडचे मोठे खेळाडू आलेच नव्हते. नव्हते आले, मग? समोर जे आले त्यांना हरवायचं असतं.

जूनमध्ये इंग्लंडला गेलो आणि लीड्सला दुसऱ्या डावात स्कोअरबोर्डवर शून्यावर 4 विकेट. फ्रेड ट्रूमन नावाचा नवा पोरगा पहिलीच टेस्ट खेळत होता. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, सगळे शून्यावर. हे सगळे सांगतात, पण याच टेस्टच्या पहिल्या डावात वीस वर्षांच्या मांजरेकरने 133 मारले होते ते कोणी सांगत नाही. पुढे लॉर्ड्सला मांकड, जो त्या टीममध्ये नव्हताच, लँकेशायरमध्ये लीग खेळत होता तिथून बोलावून घेतलेला, त्याने 72 आणि 184 केले आणि मध्ये 73 ओव्हर्स टाकून 5 विकेट घेतल्या. मॅच हरलो. तरी एका माणसाने एका टेस्टमध्ये इतकं करावं हे मला आजही अफाट वाटतं.

आता हेलसिंकीचं ऑलिंपिक. सोव्हिएत युनियनचं पहिलं ऑलिंपिक, पुस्कासच्या हंगेरीला फुटबॉलचं गोल्ड, हे सगळं आहेच, पण माझं मन अडकतं ते 20 ते 27 जुलैच्या आठवड्यात. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक, सैन्यातला माणूस, 20 तारखेला 10,000 मीटर जिंकला, 24ला 5,000, आणि 27ला मॅरेथॉन, जी तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. 24 तारखेलाच त्याची बायको डाना हिने भालाफेकीत गोल्ड घेतलं. आणि त्याच 24 तारखेला आपल्या हॉकी टीमने फायनलमध्ये नेदरलँड्सला 6-1 हरवलं, त्यातले 5 गोल एकट्या बलबीर सिंगचे. सलग पाचवं गोल्ड.

खाशाबांचं ब्राँझ त्याच्या आदल्या दिवशीचं, 23 जुलैचं.

म्हणजे विचार करा, कराडजवळच्या गोळेश्वरचा मुलगा, लाल मातीत वाढलेला, 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर लढून सहावा आलेला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. तिकडे जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती झाली, आणि सांगतात ते असं, की दम घ्यायलाही वेळ न देता सोव्हिएत पैलवान मामेदबेकोव्हसमोर उभं केलं, दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण त्यांच्या बाजूने बोलायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. इशी पुढे गोल्ड घेऊन गेला, मामेदबेकोव्ह सिल्व्हर. कुस्तीत ताकद, डाव, सगळं पैलवानाचं असतं हो, पण नियम बोलून दाखवायला कडेला आपलं माणूस लागतं. तेवढं असतं तर पदकाचा रंग वेगळा असता का हे कोणीच सांगू शकत नाही, पण ती अर्धा तास विश्रांती त्यांच्या हक्काची होती.

वैयक्तिक खेळातलं ते स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. दुसरं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं, लिएंडर पेस. मधली 44 वर्षं आपण टीमच्या गोल्डकडे बघत राहिलो आणि एकट्या खेळाडूमागे उभं राहायची व्यवस्था उभीच केली नाही, म्हणून मला हॉकीच्या त्या 6-1 चा अभिमानही वाटतो आणि त्या दोन तारखा शेजारी शेजारी बघून रागही येतो.

वर्ष संपता संपता पाकिस्तानची टीम पहिल्यांदा आली, दिल्लीत परत मांकडच्या 13 विकेट, मुंबईत हजारेंचे नाबाद 146, आणि 2-1 ने आपली पहिली टेस्ट सिरीज खिशात. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचा बॉक्सर रॉकी मार्सियानो हेवीवेट चॅम्पियन झाला तेही याच वर्षी.

आणि हो, खाशाबांबद्दल विचारता तेव्हा केशव माणगावेंबद्दलही विचारत जा. कोल्हापूरचेच पैलवान, त्याच हेलसिंकीत फेदरवेट वजनगटात चौथे आले. ब्राँझ एका नंबराने हुकलं.