ताकदीइतकाच ताबाही महत्त्वाचा

व्यायामाचा विषय निघाला की किती वजन उचलले, हा प्रश्न आधी येतो. बसताना, वाकताना किंवा जिना उतरताना स्वतःच्या शरीराचे वजन किती ताब्यात राहते, याची चौकशी क्वचितच होते. फंक्शनल व्यायामाकडे, म्हणजे रोजच्या हालचालींसाठी शरीर तयार करणाऱ्या व्यायामाकडे, मी वळलो तो याच कारणाने.

खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा साधा व्यायाम पाहा. पावले खांद्यांइतक्या अंतरावर ठेवावीत, हात छातीशी धरावेत आणि धपकन न बसता ३-४ सेकंद घेत खाली यावे. त्या वेळी मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू लांबत असतानाही जोर लावत असतात आणि जिना उतरताना गुडघ्याला नेमका हाच आधार लागतो. गुडघे आत झुकू लागले की मी तिथेच थांबतो, कारण बिघडलेल्या ढबीत आकडा वाढवण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

एका पायावर उभे राहणे अनेकांना फारच किरकोळ वाटते. प्रत्यक्षात चालण्याच्या वेळेपैकी सुमारे ८० टक्के वेळ आपला भार एकाच पायावर असतो आणि तेवढा वेळ कंबर समतोल ठेवण्याचे काम प्रामुख्याने नितंबाच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस हा स्नायू करतो. तो दुबळा असला तर उचललेल्या पायाच्या बाजूला कंबर खाली झुकते. सुरुवातीला भिंतीजवळ उभे राहून एका बोटाचा आधार घ्यावा. पुढे कधी डोळे मिटून पाहावे, मात्र आधार हाताशी हवाच. दृष्टीची मदत गेल्यावर तोल सांभाळण्याची जबाबदारी अंतर्कर्णावर आणि सांधे-स्नायूंतून येणाऱ्या संवेदनांवर पडते, त्यामुळे घोटा चटकन थरथरू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम सुचवला आहे. ही सवय त्या वयाच्या कितीतरी आधी लागावी, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्यामुळे आलेली असते. म्हणून त्या काळात वजन वाढवण्याची घाई न करता हालचाल नीट बसू द्यावी. गुडघा किंवा कंबर आधीच दुखत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवूनच सुरुवात करावी.