फेरीवाले साहेब

आमच्या घरात पोलिस चौकीची पायरी कोणी हौसेने चढलेलं नाही. बाबा एकदा पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला गेले होते, तेही इस्त्रीचा शर्ट घालून आणि प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स घेऊन. त्यामुळे टोकियोतल्या आमच्या भाषाशाळेत सेन्सेईंनी "उद्या आपण कोबान बघायला जायचं" असं जाहीर केलं, तेव्हा माझा हात आपसूक पर्समधल्या रेसिडन्स कार्डावर गेला. परदेशी माणसाने ते सतत जवळ बाळगायचं, असा इथला कायदाच आहे.

कोबान म्हणजे चौकी. पण आकाराने आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाएवढी. एक टेबल, दोन खुर्च्या, दारावर लाल दिवा. बाहेर फळा, त्यावर काल शहरात अपघातात किती मेले, किती जखमी झाले त्याचे आकडे. त्या दिवशी मृतांच्या रकान्यात शून्य होतं. मला उगाचच बरं वाटलं.

ही पद्धत 1874 पासूनची. आज देशभर अशा सहा हजारांच्या आसपास चौक्या आहेत. खेड्यांत तर पोलिस बायकामुलांसकट चौकीतच राहतो. साहेब गस्तीवर गेले की बाईसाहेब लोकांच्या चौकशांना उत्तरं देतात. इथल्या पोलिसाला लोक प्रेमाने 'ओमावारीसान' म्हणतात. 'मावारु' म्हणजे फिरणं, फेरी मारणं. म्हणजे शब्दशः फेरीवाले साहेब! आपल्याकडे या दोघांचं नातं किती वेगळं आहे, हे सेन्सेईंना समजावण्याइतकं जपानी मला अजून येत नाही.

वर्गातल्या नेपाळी मुलाने थेट विचारलं, "रोज किती चोर पकडता?" साहेब मनापासून हसले. त्यांचा बराचसा दिवस पत्ते सांगण्यात जातो म्हणे. ते खरंच असणार. इथे बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत; पत्ता म्हणजे नुसते विभागाचे, चौकोनाचे आणि घराचे आकडे. एवढ्यात एक आजी चिठ्ठी घेऊन आल्याच. साहेबांनी भलामोठा नकाशा उघडला. त्यात घरन् घर आखलेलं. पेन्सिलीचं टोक कागदाला न टेकवता ते गल्लीगल्लीतून फिरवत नेलं, मग टोपी घातली आणि आजींबरोबर वळणापर्यंत चालत गेले. आम्ही पंधरा जण चौकीत एकटे! बाबांना हे सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

उरलेला वेळ हरवलेल्या वस्तूंचा. 2019 साली टोकियोच्या पोलिसांकडे 41 लाखांहून जास्त वस्तू जमा झाल्या. त्यात छत्र्यांचा ढीग, आणि छत्री परत न्यायला येतो शंभरात एखादाच. मालक तीन महिन्यांत आला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची. आला, तर किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस मागायचा हक्क.

पुढच्याच आठवड्यात मला फुटपाथवर लहान मुलाचा एक बूट दिसला. निळा, वेलक्रोचा. अंगात शिक्षण भिनलेलं, त्यामुळे घेऊन गेले कोबानला. साहेबांनी फॉर्म काढला. कुठे सापडला? किती वाजता? डाव्या पायाचा का उजव्या? पट्टी लावून लांबी मोजली: तेरा सेंटीमीटर. मग गंभीरपणे विचारलं, बक्षिसाचा हक्क ठेवायचाय का सोडायचाय? एका बुटाचे पाच टक्के किती, याचा हिशोब मनात करून मी तो सोडला. सही केली.

रात्री आईचा फोन आला तेव्हा म्हटलं, "आज चौकीत गेले होते."

"अगं बाई! काय केलंस?"

"काही नाही. बूट सापडला होता."

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग कुंपणावर अडकवून ठेवायचा की!"