केटलवरचा संसार

पुण्यात रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात आणि होस्टेलवर गॅसला बंदी, मग उरते ती आपली दीड लिटरची केटल. चहा, मॅगी सगळेच करतात हो, पण मॅगी थेट केटलमध्ये शिजवू नका, फेस वर येतो, तळाला करपतं आणि मग आठवडाभर चहाला मसाल्याचा वास!! त्यापेक्षा उकळतं पाणी डब्यात ओतून झाकण लावा, झालं. अंडी मात्र मस्त होतात, गार पाण्यात टाकायची, केटल आपोआप बंद झाली की झाकण न उघडता दहा-बारा मिनिटं तशीच ठेवायची.

पण खरी मजा थर्मासमधल्या भाताची. आधी थर्मास गरम पाण्याने विसळून घ्यायचा, मग अर्धा तास भिजवलेला आंबेमोहोर, मीठ आणि भरपूर उकळतं पाणी घालून झाकण घट्ट, तासाभराने बघितलं तर मऊ गुरगुट्या भात, वरून घरचं तूप आणि मेतकूट... मेसवाल्याने कधी असा भात वाढलाय का सांगा. (बासमती घेऊ नका, उगाच महाग.)

सँडविच फॉइलमध्ये गुंडाळून इस्त्रीने दाबायचं, पण स्टीमवाली नको. आणि केटल-इस्त्री एकदम लावू नका, एकटी केटलच १५०० वॅट खाते, मजल्याची लाईट गेली की रेक्टर थेट आपल्याच खोलीत येतात, का कुणास ठाऊक.

फोडणीचं तेवढं अजून जमत नाही, कुणाकडे जुगाड असेल तर सांगा राव.