शनवार तेल्याचा रविवार

रविवारी सकाळी बरोबर सातला फोन वाजतो. बर्लिनमध्ये सात म्हणजे इस्राएलमधल्या दिमोनात आठ. तोवर आईचा चहा झालेला असतो, बाल्कनी धुऊन झालेली असते, आता कोणाला तरी उठवायचं एवढंच काम उरलेलं असतं. "अगं, झोपलीयस काय अजून? कामावर नाही जायचं?" गेली नऊ वर्षं दर रविवारी हाच प्रश्न. मी सांगते, आई, इथे आज सुट्टी. "हो गं बाई, विसरलेच," म्हणते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सात वाजता फोन.

गंमत म्हणजे ह्याच बाईने ठाण्यात पस्तीस वर्षं रविवारची सुट्टी उपभोगलेली आहे. मटण, दुपारची झोप, संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा, सगळं साग्रसंगीत. पण 1988 साली आम्ही इस्राएलला आलो, वाळवंटातल्या दिमोना गावात राहिलो, आणि आईच्या डोक्यातला रविवार कोणीतरी उचलून नेला. हिब्रूत वारांना नावंच नाहीत, नुसते आकडे आहेत. योम रिशोन, पहिला दिवस. योम शेनी, दुसरा. असं सहापर्यंत मोजायचं आणि सातव्याला, म्हणजे सुट्टीच्या शनिवारला, तेवढं नाव: शब्बात. आपल्याकडे कसे सूर्य-चंद्रापासून शनीपर्यंत सगळे हजर असतात. मी तेव्हा बारा वर्षांची, ठाण्याच्या मराठी शाळेतून सातवीत उचलून आणलेली. वर्गात बाईंनी वार विचारला की मी बोटांवर मोजायची, रवी एक, सोम दोन, मंगळ तीन. ती सवय अजून आहे. हिब्रूत वार बोलायचा झाला की माझा अंगठा आपोआप करंगळीकडे जातो.

ज्यांना आमच्याबद्दल ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आडनाव पेण-अलिबागच्या बाजूच्या गावावरून, शेवटी 'कर'. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले अशी आमच्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. मला ह्यात सगळ्यात कौतुक बैलाचं वाटतं. शब्बातला गुराढोरांनाही विश्रांती द्यायची अशी आज्ञा आहे. म्हणजे आठवड्यातला एक दिवस कुलाबा जिल्ह्यातला एक बैल धर्माने मिळालेल्या सुट्टीवर असायचा, आणि शेजारच्या सोमवार तेल्याचा बैल (ते सोमवारी घाणा बंद ठेवायचे) त्याच्याकडे बघत फिरत असणार.

बैलाला जमलं ते माझ्या बाबांना जमलं नाही. त्यांचं ऑफिस मुंबईत, शनिवारी हाफ-डे. सकाळी टेंभी नाक्याजवळच्या आमच्या मशिदीत जायचे (सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणत), मग टोपी खिशात घालून लोकल पकडायची. देवाची सुट्टी शनिवारी, सरकारची रविवारी, आणि बाबा दोन्हींच्या मधे ठाणे फास्टमध्ये लोंबकळत.

इस्राएलमध्ये तो प्रश्न एकदम सुटला. शुक्रवारी दुपारी दुकानांची शटरं पडतात, बशी थांबतात, आणि गुरुवारपासूनच जो तो 'शब्बात शालोम' म्हणायला लागतो. बँकेतला कारकून, बसचा ड्रायव्हर, रेडिओ. आयुष्यात पहिल्यांदा अख्खा गाव आमच्याच दिवशी बंद. बाबा पहिला शनिवार नुसते खिडकीत बसून रिकामा रस्ता बघत होते. त्या बदल्यात रविवार गेला. रविवारी सकाळी बीर-शेवाची बस पाठीवर बोचकी घेतलेल्या, उभ्या उभ्या झोपणाऱ्या सैनिकांनी भरलेली असते. रविवारची खरी कळा मला विचाराल तर ती: सोमवारचा वैताग, एक दिवस आधी.

आणि मग मी बर्लिनला आले. का आले, ते मोठं प्रकरण आहे. घरभाडं, नोकरी, आणि थोडं असंच. 2014 साली बर्लिनमधल्या एका इस्राएली माणसाने इथलं चॉकलेट पुडिंग तिथल्या मिल्की नावाच्या पुडिंगच्या मानाने किती स्वस्त आहे ते बिल दाखवून सांगितलं, तेव्हा तिकडे मंत्र्यासंत्र्यांपर्यंत गदारोळ झाला होता. मी काही पुडिंगसाठी आले नाही, पण आल्या आल्या चार डबे खाल्ले, हेही खरं.

पहिल्याच रविवारी दूध संपलं. खाली गेले तर सुपरमार्केट बंद. पुढचं बंद. त्याच्या पुढचं बंद. मला वाटलं, काहीतरी झालंय. इस्राएली माणसाला रस्ता रिकामा दिसला की आधी बातम्या बघायची सवय असते. बातम्यांत काही नव्हतं. नुसता रविवार होता. एका श्पेटीवाल्याने, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने, दूध दिलं आणि माझ्याकडे बघून एकच शब्द विचारला, "नवीन?"

जर्मनांनी हा रविवार चक्क राज्यघटनेत घालून ठेवला आहे. 1919 च्या वायमार घटनेतलं 139 वं कलम 1949 च्या घटनेत 140 व्या कलमाच्या पोटात तसंच उचलून ठेवलंय: रविवार आणि सणवार हे कामातून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखलेले. बर्लिनने मधे नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायचा कायदा केला, तर चर्चवाले कोर्टात गेले आणि 2009 मध्ये घटनापीठाने तो उडवून लावला. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. ही यादी वाचताना मला खूप ओळखीचं वाटत राहिलं. हे तर शब्बातचे नियम! फक्त आमच्याकडे देव रागावतो आणि इथे खालच्या मजल्यावरच्या बाई.

खालच्या मजल्यावरच्या बाई ऐंशीच्या घरातल्या, जन्मापासून पूर्व बर्लिनमध्ये. माझं बरंचसं जर्मन मी त्यांच्याकडून जिन्यात शिकले. क्लासमध्ये शनिवारला झामश्टाग शिकवला होता. ह्या बाई म्हणतात झोनआबेंड. मला वाटलं, वेगळाच वार आहे की काय. त्याचा सरळ अर्थ रविवारची संध्याकाळ. म्हणजे अख्खा शनिवार ही येणाऱ्या रविवारची आदली संध्याकाळ! हे कोणाला सांगता? आमच्याकडे दिवस सुरूच सूर्यास्ताला होतो, आणि शुक्रवारला आम्ही 'एरेव्ह शब्बात' म्हणतो, शब्बातची संध्याकाळ. मग मी नाद लागल्यासारखी वारच उकरत बसले. झामश्टाग हा शब्द फिरत फिरत शब्बातपासूनच आलेला निघाला. बुधवार म्हणजे मिटवॉख, आठवड्याचा मध्य. पण सोमवारपासून मोजलं तर मध्य गुरुवारी येतो. बुधवारी मध्य यायचा तर आठवडा रविवारपासूनच मोजायला हवा. तसा तो पूर्वी मोजत होते. 1970 च्या दशकात कॅलेंडरं सोमवारपासून छापायचं ठरलं, पण बुधवारला कोणी कळवलं नाही. तो बिचारा अजून माझ्या आईच्या हिशोबाने चालतो.

सूर्यास्ताचं मात्र इथे काही खरं नाही. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य बुडतो, म्हणजे शब्बातचा दिवा लावायची वेळ होते तेव्हा मी मीटिंगमध्ये. जूनमध्ये शब्बात संपायला तीन तारे दिसायची वाट बघावी तर रात्रीचे अकरा वाजायला येतात. मी फार पाळणारी नाही. पण तीन तारे मोजायचा पोरकट छंद आहे, आणि जूनमध्ये मी दुसऱ्या ताऱ्यालाच झोपून जाते.

तर गोष्ट नारळाची.

गेल्या वर्षी एका शनिवारच्या टपालाने माझा कायम वास्तव्याचा कागद आला. आईने त्यासाठी एलियाहू हानाबीला, आमच्या प्रेषिताला, मलिदा बोलला होता. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं. "उद्याच कर," ती फोनवर म्हणाली, "नवस ठेवू नये." पोहे घरात होते. नारळ वेडिंगमधल्या एशियन दुकानातून आणला (वेडिंग हे बर्लिनमधल्या एका भागाचं नाव, लग्नाशी संबंध नाही). आणि खोबरं खवायला माझ्याकडे आजीची विळी आहे.

ही विळी ठाण्याहून दिमोनाला आणि दिमोनाहून बर्लिनला आली आहे. दुसऱ्या खेपेला विमानतळावर सुरक्षेवाल्या मुलीने ती बॅगेतून काढली आणि दोन बोटांत धरली. लाकडी पाट, त्यावर पातं, पात्याच्या टोकाला दातेरी चकती. "मा झे?" हे काय? मी म्हटलं, नारळासाठी. तिने अजून एकाला बोलावलं. त्याने एका साहेबाला. शेवटी मी विमानतळाच्या फरशीवर बसले, एक पाय दुमडून पाटावर ठेवला, आणि हवेतला नारळ खवून दाखवला. तिघेही गंभीरपणे बघत होते. साहेब म्हणाला, "पण बसून का?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. रविवारी सकाळी दहाला मी नारळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि हातोडी घातली. पहिला घाव, दुसरा, तिसरा. नारळ थायलंडचा, कवटी पक्की. पाचव्या घावाला दोन भकलं झाली, निम्मं पाणी जमिनीवर गेलं, आणि दारावरची बेल वाजली.

बाई ड्रेसिंग गाऊनमध्ये होत्या. "आज रविवार आहे," एवढंच म्हणाल्या. मी हातात हातोडी घेऊन उभी. जर्मनमध्ये नवस कसा सांगायचा? मी म्हटलं, सरकारने मला राहायला परवानगी दिली, म्हणून एका प्रेषिताला पोहे द्यायचे आहेत. त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "हे झोनआबेंडला करता आलं नसतं का?"

"झोनआबेंडला मला चालत नाही," मी म्हटलं. "झोनटागला तुम्हाला."

हे तोंडातून गेल्यावर मला बाबांची ठाणे फास्ट आठवली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि निकाल दिला: "मग फ्रायटाग. एक ते आठ."

मलिदा मी त्यांना नेऊन दिला. पोहे त्यांना कोरडे वाटले, खजूर आवडले.

तेव्हापासून माझा नारळ शुक्रवारी दुपारी फुटतो. मासळीची आमटी शनिवारसाठी आदल्या दिवशीच करून ठेवते. आमच्यात मटणात दूध-दही चालत नाही, त्यामुळे नारळाचं दूध लागतं ते एरवीही लागतंच. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात नवीन काय? तुझी आजी शुक्रवारीच फोडायची. शनिवारी कोण नारळ फोडतं?" त्या जर्मन बाईने सांगितल्यामुळे, असं मी काही बोलले नाही.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी चौथ्या घावाला पुन्हा बेल वाजली. मी घड्याळ बघितलं, पावणेतीन. नियमात होते. बाई दारात उभ्या, हात पुढे केलेला. त्यांना करवंट्या हव्या होत्या. इथे हिवाळ्यात करवंटीत चरबी आणि बिया भरून चिमण्यांएवढ्या पाखरांसाठी टांगतात. दुकानात तयार मिळतात, पण पैसे कशाला घालवायचे? मी दोन्ही करवंट्या खवून, पुसून नेऊन दिल्या. एक त्यांच्या बाल्कनीत आहे, एक त्यांनी माझ्या कठड्याला बांधून दिली. पिवळ्या पोटाचं एक पाखरू येतं, उलटं लटकून खातं.

रविवारी सातच्या आधी येतं आणि जोरजोरात टकटक करतं. त्याला कोणी काही बोलत नाही.