आहे की पाणी

यंदाच्या गुड फ्रायडेला माझ्या वाट्याला पाचवा उद्गार आला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी दुपारी १२ ते ३ आमच्या चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा अगदी छोटा, "मला तहान लागली आहे." वाटणी करताना पाळकसाहेब हसून म्हणाले, "सोलापूरकराला यात काय अवघड?"

अवघडच गेलं.

त्या दिवसांत मी आतून पार सुकले होते. बाहेरून कुणाला काही कळत नव्हतं. सकाळी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करायचं, डबे भरायचे, मग एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब, त्यात मार्चअखेर. संध्याकाळी महिला मंडळ, रविवारी संडे स्कूल. हे गेली कित्येक वर्षं चालूच आहे. पण आता कशातच जीव लागत नव्हता. प्रार्थनेला डोळे मिटले की किराण्याची यादी दिसायची. आठ तास झोपूनही उठताना अंग तसंच जड. पोरं गाणं म्हणायची आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची.

हे घड्याळाचं मी पाळकसाहेबांना भीतभीत सांगितलं. ते म्हणाले, हे फार जुनं दुखणं आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होता. त्याने लिहून ठेवलंय, की भर दुपारी साधूला एक मरगळ गाठते, दिवस पन्नास तासांचा वाटतो आणि तो सारखा खोलीबाहेर डोकावून सूर्य कुठवर आला ते बघतो. बायबलमधल्या स्तोत्र ९१ मधल्या भर दुपारच्या संकटावरून त्या मरगळीला 'दुपारचा सैतान' म्हणत. मला हसूच आलं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, पारा ४२ वर असताना, तो सैतान घरोघरी येत असणार.

सगळे असे बोलत नाहीत. एका बाईंनी मला तोंडावर सांगितलं, "तुमची प्रार्थना कमी पडते." आणखी कुणी मोबाईलवर गरुडाचं चित्र पाठवलं, बायबलमधल्या यशया ४० चं 'गरुडांप्रमाणे पंखांनी वर उडतील' हे वचन घालून. वचन मला पाठ आहे. पण चित्रं पाठवणारे त्याच्या आधीची ओळ वाचत नाहीत. तिथे तरुणही थकतात असं साफ लिहिलंय. आणि वचन उडण्यावर संपतही नाही, चालण्यावर संपतं. थकलेल्या माणसाला गरुड दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर, गुड फ्रायडेच्या आधीचा बुधवार. आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतात, तेही रात्री-अपरात्री. त्या रात्री दोनला पाणी आलं. आवाजाने मला जाग आली. उठून मोटर लावायची, एवढंच काम. मी पलंगाच्या काठावर बसले आणि उठवेना. पाय दुखत नव्हते, तापही नव्हता. उठायचंय हे कळत होतं, पण उठणारी बाई जणू घरात नव्हती. तशीच आडवी झाले. सकाळी टाकी ठणठणीत, हंड्यात तांब्याभर पाणी, आणि सासूबाईंची चादर बदलायची.

शेजारच्या अक्का उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. हात चालूच, मान वर न करता म्हणाल्या, "काल तुमची मोटर वाजली नाही की ओ. पाणी आहे ना?"

मी म्हणाले, "आहे की. आहे पाणी."

घरात आले. टेबलावर माझी वही उघडी होती, वर मोठ्या अक्षरात 'मला तहान लागली आहे.' खाली सव्वादोन पानं विवेचन.

त्या वहीसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. गुलगुथ्यावर, म्हणजे वधस्तंभाच्या जागी, पोचल्यावर येशूला आधी एक पेय दिलं होतं, ते त्याने नाकारलं. पण शेवटी त्याने स्वतः तहान बोलून दाखवली आणि शिपायांनी काठीवरून ओठाला लावलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतली. योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातही तेच. प्रवासाने दमलेला येशू भर दुपारी विहिरीवर बसतो, त्याच्याकडे पोहराही नाही, आणि ज्यांच्याशी यहूदी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. मी हा धडा संडे स्कूलला निदान दहा वेळा शिकवलाय, दरवेळी येशू तिला देऊ करतो त्या 'जिवंत पाण्या'कडे घाईने पळत. तो दमला होता आणि त्याने मागितलं, इथे कधी थांबलेच नव्हते. आणि मी? देवाच्याही समोर 'आहे की' म्हणणारी.

बाहेर गेले. "अक्का, खोटं बोलले. थेंब नाही घरात."

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला तंबाखू पुसला आणि भिंतीवरून नळी टाकली. टाकी भरेपर्यंत एक शब्द नाही. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या. "खावा आधी." रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नव्हता. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. माझा देवदूत विड्या वळतो.

शुक्रवारी मी सव्वादोन पानं बाजूला ठेवून चार मिनिटं बोलले. पाण्याची गोष्ट तशीच्या तशी सांगितली. नंतर डॉक्टरांकडेही गेले. हिमोग्लोबिन ८.५ निघालं, म्हणजे सगळंच काही आत्मिक नव्हतं. गोळ्या चालू आहेत. नणंदेला फोन करून महिन्यातले दोन रविवार सासूबाईंकडे यायला सांगितलं. ती पटकन "येते" म्हणाली. इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं.

प्रार्थना अजूनही कोरडीच होते काही दिवस. तेव्हा लांबलचक शब्द न जुळवता 'प्रभू, तहान लागलीय' एवढंच म्हणते आणि गप्प बसते.

परवा उपासनेनंतर विचारणा झाली, "नाताळची नाटिका यंदाही तुम्हीच बसवणार ना?" तोंडातून 'हो' निघालंच होतं. "उद्या सांगते," म्हणाले.