लाल बटण

आमच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीत पूर्वी दोन फोन होते आणि होल्ड म्हणजे रिसीव्हर गुळाच्या रव्यावर आडवा ठेवणं. एका फोनवरचा भाव दुसऱ्या फोनवरच्या गुजरातच्या व्यापाऱ्याला आयता ऐकू जायचा. म्हणून चुलतभावानं न्यू जर्सीहून वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 2565 फोन, त्याची लाइन कार्डं (प्रत्येक लाइन सांभाळणारी सर्किटं) आणि ती बसवायची पेटी आणली तेव्हा माझं सगळं लक्ष त्या लाल होल्ड बटणावर. शेजारी पाच लाइनींची पाच पारदर्शक बटणं, आत इवलेसे दिवे.

मला वाटलं होतं दोन वायरी जोडल्या की झालं. मागून निघाली बोटाएवढी जाड केबल : 25 जोड्या, टोकाला 50 पिनांचा प्लग. एका लाइनीला तीन जोड्या लागतात. पहिली बोलण्याची, दुसरी 'ए लीड'ची, म्हणजे फोन उचललाय हे कार्डाला सांगणारी, तिसरी दिव्याची.

पॉवर सप्लाय वजनापायी तिकडंच राहिला होता. ए लीडसाठी 24 व्होल्ट डीसी सहज मिळालं, पण दिव्यांना 10 व्होल्ट एसी हवं. उद्यमनगरात वाइंडिंगवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, "कशाचा हाय? मिक्सरचा?" दोन दिवसांत ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. लाइनी घेतल्या फायबरच्या मोडेममागच्या फोन पोर्टांतून. अमेरिकेत 1963 साली सुरू झालेले बटणांचे टोन त्या पोर्टाला आजही कळतात, याचं मला अजून नवल वाटतं.

रंग शिकवले गल्लीतल्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या काकांनी. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच गट आणि प्रत्येकात निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. "आधी गट बघ, मग रंग. घाई केलीस की बसलास रडत," म्हणाले आणि वायरी ठोकायचं आपलं जुनं क्रोन टूल हातात दिलं. वायर खाचेत बसली की ते कट्‌ असा आवाज करतं. तो आवाज ऐकायलाच मी चार वायरी जास्त ठोकल्या असतील.

पहिली लाइन झकास चालली. दुसरीवर मात्र भलतंच. रिंग आली, उचलला, बोलणं नीट झालं, पण दिवा लुकलुकतच राहिला, आणि होल्ड दाबलं की फोन कट. तीन संध्याकाळी मी कार्डं अदलाबदल करत बसलो. काकांनी बघताक्षणी विचारलं, "ए लीड कुठाय?"

गोष्ट अशी की होल्ड दाबल्यावर बोलण्याची जोडी तुटायच्या आधी ए लीड सुटते. त्या क्रमावरून कार्डाला कळतं की हा फोन ठेवला नाही, थांबवलाय. मग ते लाइनीवर आपला रोध लावून धरतं. ए लीड मुळातच नसेल तर कार्डाच्या लेखी फोन कुणी उचललेलाच नाही. बोलणं मात्र होतं, कारण त्या दोन वायरी थेट जातात. माझ्यासारखा म्हणूनच फसतो.

दुसऱ्या लाइनीची ए लीड पाचव्या जोडीत, म्हणजे पांढरा-राखाडी. जुन्या केबलचा पांढरा पिवळटला होता आणि मी विसावी जोडी, पिवळा-राखाडी, ठोकून बसलो होतो. खिडकीतल्या उन्हात धरल्यावर दिसलं.

जोडी बदलली आणि मोबाइलवरून दुसऱ्या लाइनीला फोन लावला. बाबांनी उचलला. "होल्ड दाबा," म्हणालो. त्यांनी लाल बटण दाबलं, दिवा भराभर मिचकायला लागला, आणि तरीही रिसीव्हरवर तळहात घट्ट दाबून ते हळूच म्हणाले, "आता बोलू का?"