आधी वाळू, मग पाला

कोंबडीची पिल्लं नऊ दिवसांची झाली तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हिरवं दिलं. लांब लांब गवताची मूठभर पाती, धुऊन, पुसून, अगदी कौतुकानं. अकराच्या अकरा पिल्लं तुटून पडली. एकाच्या चोचीत पातं आलं की ते घेऊन पळत सुटायचं आणि उरलेली दहा त्याच्या मागे, पायाखाली तशीच पाती पडलेली असताना! मी अर्धा तास ती पळापळ बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा पिल्लं खाद्याच्या भांड्यावर होती आणि एक कोपऱ्यात. पंख फुगवलेले, मान मागेपुढे ताणत होतं, जणू काहीतरी गिळायचं राहून गेलंय. हातात घेतलं तर गळ्याखाली, छातीच्या जरा वर उजवीकडे, टणक गोळी लागली. बोटानं दाबली तरी दबेना.

कोंबड्यांमध्ये आयुष्य गेलेल्या एका मावशींना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वाळू दिली होतीस?"

"कसली वाळू?"

पलीकडून एक मोठा उसासा ऐकू आला. "अगं, कोंबडीला दात आहेत का?"

मग त्यांनी समजावलं ते असं. पिल्लानं टिपलेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, तिथे भिजून मऊ होतं आणि थोडं थोडं पुढे सरकतं. पुढे पेषणी असते, जाड स्नायूंची. दळायचं काम तिचं, पण जात्याला पाळ लागते तसे तिला बारीक खडे लागतात. पिल्लांचं स्टार्टर खाद्य आधीच भरडलेलं असतं, पाण्यात विरघळतं, म्हणून नुसत्या त्यावर असलेल्या पिल्लांना खड्यांची गरज पडत नाही. त्याखेरीज दुसरं काहीही पोटात जायचं असेल तर खडे आधी हवेत. आणि माझी दुसरी चूक त्याहून मोठी होती: लांब पाती. ती पिशवीत एकमेकांत गुंततात, त्यांची गुंडाळी होते आणि वाट बंद. कोंबडी मोकळ्यावर चरताना जमिनीत रुजलेल्या गवताचे शेंडे तोडून खाते, तुकडे आपोआप लहान पडतात. मी उपटून आणलेलं गवत सुटं होतं. त्याला ओढ कुठून मिळणार? पिल्लं ते अख्खंच गिळत होती.

त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. पिल्लाचं खाणं बंद. कोमट पाण्याचे थेंब चोचीच्या कडेला टेकवायचे, ते आपलं आपण ओढून घेतं. मग बोटाच्या टोकानं त्या गोळीवर हलकेच गोल गोल चोळायचं, दोन-तीन मिनिटं, आणि पुन्हा दोन तासांनी. पिल्लू उलटं धरून पिशवी रिकामी करायच्या फंदात पडू नकोस, असं मावशींनी तीनदा बजावलं, कारण तेच पाणी श्वासनळीत उतरतं. संध्याकाळपर्यंत मऊ पडलं नाही तर सरळ पशुवैद्य. आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला कधी सुचली नसती: त्याला एकटं ठेवू नको, जाळीच्या पलीकडे जोडीला एक पिल्लू ठेव. एकटं पिल्लू ओरडून ओरडूनच दमतं.

दुपारी चारच्या सुमाराला गोळी भिजलेल्या कणकेसारखी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा सपाट होती. तेव्हापासून माझा दिवस तिथूनच सुरू होतो. रात्री झोपताना पिल्लांची ती पिशवी भरलेली, फुगीर, मऊ असायला हवी आणि सकाळी रिकामी. सकाळी भरलेली लागली तर त्या दिवशी नवीन काही नाही, मग कितीही ताजं हाताशी असो.

मग मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चार दिवस नुसतं स्टार्टर आणि पाणी. त्यानंतर धुतलेली जाडसर वाळू, साधारण एक ते दोन मिलिमीटरचे कण, बशीत चिमूटभर. चिमूटभरच, कारण नवी वस्तू दिसली की काही पिल्लं तीच खाऊन पोट भरतात. इथे एक घोटाळा होण्यासारखा आहे: शिंपल्याचा चुरा दिसायला तसाच असतो, पण तो अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी, कॅल्शियमसाठी. तो पेषणीत टिकत नाही, विरघळतो. पिल्लांना तर तो नकोच. लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्यसुद्धा, त्याच कारणानं नको. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं, आणि वरचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

पहिला नवा पदार्थ म्हणून मी उकडलेलं अंडं निवडलं. ऐकणाऱ्याला हे जरा विचित्र वाटतं, मलाही वाटलं. पण अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू बलक पोटात ओढून घेतं आणि पहिले दोनेक दिवस त्यावरच काढतं. म्हणजे त्यांच्यासाठी हे काही परकं अन्न नव्हे. काट्यानं इतकं बारीक केलं की रव्यासारखं झालं. बशी आत ठेवली आणि अकराही पिल्लं किंचाळत पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटली.

ज्या पिल्लांनी गवतावर झडप घातली तीच ही! गवताची पाती हलत होती, बशी गप्प पडून होती, एवढाच काय तो फरक असावा. आई असती तर तिनं टुकटुक करत दाणा उचलून पुन्हा खाली टाकला असता. मी तेच केलं, बोटाच्या नखानं. बशीवर टक् टक्, एक कण उचलायचा, सोडायचा. घरातले दारात उभे राहून बघत होते, त्याचं वर्णन नको. चार-पाच मिनिटांनी एक पिल्लू पुढे आलं, बोटाला टोचलं, मग अंड्याला. गवत अडकलेलं तेच आगाऊ पिल्लू. त्याच्या मागून बाकीची आली. पुढच्या वेळी मी कण त्यांच्या नेहमीच्या खाद्यावरच भुरभुरले, तेव्हा एवढा तमाशा करावा लागला नाही.

अकरा पिल्लांत मिळून एक चहाचा चमचा, एवढंच. दिवसभराच्या खाण्यात वरचं दहा टक्क्यांपुढे जाऊ द्यायचं नाही. स्टार्टरमध्ये अठरा ते वीस टक्के प्रथिनं मोजूनमापून घातलेली असतात, आणि काकडीनं पोट भरलं की तेवढ्या जागेत पाणीच गेलं. मी दुपारी बाराच्या सुमाराला द्यायचे, म्हणजे अंधार पडेपर्यंत कोण मलूल आहे, कोण पाणी पीत नाही, हे डोळ्यांसमोर राहतं. वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार पेटीत, पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब असते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करतात. त्या उबेत ओलं अंडं किती वेळ चांगलं राहणार? शिवाय सांडलेल्यामुळे भुसा ओला होतो आणि ओल्या भुशात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात.

एका वेळी एकच नवा पदार्थ आणि मध्ये तीन दिवस, हा नियम मी स्वतःच केला. बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळावं म्हणून. अंड्यानंतर कोबीचं पान, तांदळाच्या दाण्याएवढं चिरलेलं. मग काकडीचा गर, मग किसलेलं गाजर. गांडुळं मुद्दाम टाळली, त्यांतून श्वासनळीतल्या कृमींची लागण होऊ शकते. न शिजवलेली कडधान्यं, अॅव्होकॅडो, चॉकलेट, हिरवट बटाट्याची सालं, खारट आणि बुरसटलेलं काहीही द्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, कारण पिल्लांना प्रेमानं भरवणारे हात घरात बरेच असतात.

मात्र विष्ठा न्याहाळायची सवय लागली की घाबरायलाही होतं. पांढरी टोपी असलेली घट्ट विष्ठा ठीक. पण आठ-दहा वेळा तशी पडल्यावर एकदा तपकिरी, चिकट, भयंकर वासाची पडते. पहिल्यांदा मला ती हगवणच वाटली. ती आंधळ्या आतड्यातून येणारी नेहमीचीच असते.

खरी धडकी भरली पाचव्या आठवड्यात. मी किसलेलं बीट दिलं होतं. पहाटे दिवा लावला तर भुशावर लाल डाग. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण होण्याची भीती सर्वांत जास्त, हे वाचलेलं होतं. हात थरथरत मी एकेक पिल्लू उचललं. पिशव्या रिकाम्या, डोळे टवटवीत, पायांचा जोर असा की हातातून निसटतायत. फोन केला.

"काल काय दिलंस?"

"बीट."

मावशी हसल्या, मग गप्प झाल्या. म्हणाल्या, "रक्त असतं तर ती पिसं फुगवून पेंगत बसली असती. पण आज खरंच रक्त पडलं असतं, तर तुला कळलं कसं असतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनाच्या समाधानासाठी एक नमुना पशुवैद्यांकडे नेला, त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून काही नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत रंगही गेला. बीट मात्र मी ती आठ आठवड्यांची होईपर्यंत बंद ठेवलंय. अपाय म्हणून नाही, माझी खूण पुसली जाते म्हणून.

आता ती सहा आठवड्यांची आहेत. काल कोबीचं अख्खं पान त्यांच्या डोक्याच्या उंचीवर दोरीनं टांगलं. पान घट्ट राहिलं की ओढून लहान लहान तुकडे तोडावे लागतात, गुंडाळी होत नाही. आगाऊ पिल्लानं पहिला तुकडा तोडला आणि घेऊन पळालं. बाकीची दहा पान तिथेच सोडून त्याच्या मागे.